शिबिरातला पहारा

२९ एप्रिल २०००
गंगापूर धरणाजवळ, नाशिक

श्री. जीवन यांस,

हे खुशालीचं पत्र नाही. ताकीद समजा.

तेजश्री माझ्याजवळ आहे आणि माझ्याजवळच राहणार आहे. आमच्या शाळेने धरणाकाठच्या एका मळ्यात मुलांचं उन्हाळी शिबिर घेतलं आहे, दहा मेपर्यंत. मुलींची खोली आणि कोठी, दोन्ही कामं मी मागून घेतली. म्हणजे रात्री पोर माझ्या उशाशी झोपते आणि दिवसा तिच्या ताटात पडतं ते माझ्या हातून पडतं. मळ्याला एकच फाटक आहे आणि कोठीच्या खिडकीतून ते सरळ दिसतं. ती खिडकी बघूनच मी ही खोली कोठीसाठी निवडली.

तुम्ही म्हणाल, मनीषाला संशयाचं खूळ लागलंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. दोन वर्षांपूर्वी मनमाडला मधल्या सुट्टीत तुम्ही तिला शाळेतून काढलंत, गाडीत घालून नांदगावला आईकडे सोडलंत आणि खुशाल रेल्वेच्या ड्युटीवर निघून गेलात. ती रात्र मी कशी काढली ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. बॅटरी घेऊन रुळांच्या कडेने फिरत होते, एवढं सांगते. सकाळी गार्डाच्या डब्यातून उतरून तुम्ही म्हणालात, आईने आखाजीला नात झोक्यावर बसवायला मागितली होती, तुला सांगायचं राहून गेलं. बायको म्हणजे काय दूधवाला, की उद्या अर्धा लिटर जास्त टाक हे सांगायचं राहून जावं? वर तुमच्या आईने आठवडाभर तिला परत पाठवलं नाही. त्यानंतर मी पोरीला घेऊन इकडे मखमलाबादला बहिरूदादाकडे आले, आणि आले ते बरंच केलं.

आता मुद्द्याचं. फाल्गुनात दादाच्या घरी तुमच्याकडून फोन आला होता. मी गोठ्यातून येईपर्यंत तेजूने उचलला होता. "मनमाड" एवढं माझ्या कानावर पडलं आणि मी रिसीव्हर तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला. तेवढ्या वेळात तुम्ही तिच्या कानात काय घातलंत? तेव्हापासून पोर बदलली आहे. पूर्वी दिवसभर टकळी चालायची, आता काही विचारलं की आधी माझं तोंड बघते आणि मग बोलते. आणि काल इथं सामान लावता लावता मला विचारते, "आई, आखाजी शिबिरातच येते का गं?"

दोन वर्षांत तिने तो शब्द काढला नव्हता. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणतात. तुमच्याकडचं हे नाव तिला आत्ताच का आठवावं, ते तुम्ही सांगा. आणि त्या दिवशी इकडे फिरकायचा विचार असेल तर तो सोडा.

मनीषा


१ मे २०००

श्री. जीवन यांस,

आधीच्या पत्राला उत्तर इतक्यात येणार नाही हे मलाही कळतं. पण इथं दिवसाला काही ना काही घडतंय आणि ते तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाजीचा टेम्पो घेऊन गोरक्ष रोज सकाळी येतो, दादाचा मित्र. पत्र त्याच्या हाती देते, तो नाशकातून टाकतो.

आज महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं. शामसुंदर सर शिबिराचे प्रमुख. पंचवटीतल्या भिक्षुकाच्या घरातले, गंगेत डुंबून वाढलेले आणि आमच्या शाळेत कवायत शिकवणारे. शिटी त्यांच्या गळ्यात नसते, तोंडातच असते. पहाटे ती वाजली की सगळी पोरं उठतात, नमस्कार घालतात, मटकीची उसळ खातात आणि मग जी गोंधळ सुरू करतात ती झोपेपर्यंत. तीन गट केलेत, गोदावरी, दारणा आणि कादवा. तेजू कादवा गटात आहे. त्या गटात अथर्व नावाचा एक पोरगा आहे, चौथीतला, वकिलाचा मुलगा. शिबिरात कुठे काय चाललंय ते त्याला विचारावं. मी त्याला उसळ एक डाव जास्त वाढते. का ते तुम्हाला कळलंच असेल.

सकाळी पोहणं असतं. मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या आहेत. सर तेलाचे रिकामे डबे पोरांच्या पाठीला बांधतात आणि एकेकाला पाण्यात ढकलतात. तेजूला विहिरीत उतरू द्यायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं. आज कोठीत गहू निवडत होते, एकदम विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेले तर आमचं रत्न पाण्यात, पाठीला डबा, आणि काठावरून सगळा कादवा गट ओरडतोय, "तेजू, हात मार, हात मार." तिने मारले. पलीकडच्या कपारीला हात लावून परत आली. तिचं तोंड असं फुललं होतं की मला रागवायलाही सुचेना. सर म्हणाले, बाई, पाण्याची भीती गेली की निम्मी भीती गेली.

मला वेगळीच भीती वाटली. हिला इतक्या घाईने पोहायला का शिकायचंय? मळ्याच्या तीन बाजूंना धरणाचं पाणी आहे.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. मातीकाम शिकवणाऱ्या मालिनीताई तिथं होत्या. पुरुषाचा आवाज, मनीषाबाई आहेत का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, बोलावते. तर "राहू द्या" म्हणून ठेवून दिला. तासाभराने परत वाजला. या वेळी मीच उचलला. पलीकडे कोणी बोलेना. मागून गाडीची शिटी ऐकू आली. नाशकात घराघरातून इंजिनाची शिटी ऐकू येत नाही, जीवनराव. चोरी करायची तर जागा तरी दुसरी शोधायची.

मनीषा


३ मे २०००

श्री. जीवन यांस,

तुमचं उत्तर नाही. जो माणूस निर्दोष असतो तो दुसऱ्या दिवशी उठून भांडायला येतो. तुम्ही गप्प आहात, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

मला आता कोणावर भरवसा ठेवावा कळत नाही. गोरक्षवरही नाही. आज सकाळी मी तराजूवर वांगी घेत होते आणि तेजू टेम्पोच्या पलीकडून त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. मी पुढे गेले तशी ती पळाली. मी गोरक्षला विचारलं, काय म्हणत होती? तो म्हणाला, "काय नाय ताई, लेकरू हाय, इचारत होतं भाजी कुठून आणता." पस्तिशीचा बाप्या माझ्या नजरेला नजर देत नाही. तो आठवड्यातून दोनदा मनमाडच्या बाजारी माल घेऊन जातो, हे मला आजच आठवलं. म्हणजे निरोपाची ने-आण करायला तुम्हाला फुकटात माणूस मिळाला.

आणि दादा. माझा सख्खा भाऊ. फाल्गुनात तो एक दिवस पांढरे कपडे घालून पहाटेच बाहेर पडला होता. शेवंतीची तोडणी अंगावर असताना. संध्याकाळी आला तो जेवलाच नाही. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणे, कामाला. गोरक्षच्याच टेम्पोतून गेला होता. तेव्हा मी सोडून दिलं. आता दोन आणि दोन चार होतात. तुम्ही माझ्या भावालाही वळवलंत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ते खोटं नाही.

मी सरांना सगळं सांगितलं. म्हटलं, मोठी मुलं आळीपाळीने फाटकावर बसवा. त्यांनी शिटी तोंडातून काढली, म्हणजे गंभीर झाले. मग म्हणाले, "बाई, हे शिबिर आहे, तुरुंग नाही. आणि असला तरी पोरीने काय गुन्हा केलाय?" मला ते फार लागलं. पण त्यांच्या पोरी पळवून नेलेल्या नाहीत, त्यांना काय कळणार.

आज मातीकामाचा दिवस होता. पोरांनी हत्ती केले, गणपती केले, अथर्वने डायनासोर म्हणून एक सरडा केला. तेजूने घागर केली. छोटीशी, पोट गोल आणि गळा अरुंद. इतकी मन लावून करत होती की ओठ दातांत धरलेला. मालिनीताई म्हणाल्या, हिच्या हातात कसब आहे. मी विचारलं, काय गं, घागरच का? तिने नेहमीसारखं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "सोपी असते." सोपी मुळीच नसते. तीन वेळा मोडून तिने ती परत घडवली होती.

ही मुलगी माझ्याशी खोटं बोलायला लागली आहे. ते तिला कोणी शिकवलं असेल तर देव त्याला बघून घेईल.

मनीषा


५ मे २०००

श्री. जीवन यांस,

उद्या आखाजी. तुमचा बेत मला कळला आहे, म्हणून हे पत्र. तुम्हाला ते मिळेपर्यंत दिवस उलटून गेलेला असेल, पण मला कळलं होतं हे तुम्हाला कळलं पाहिजे.

आज संध्याकाळी मातीच्या वस्तू भाजल्या. खड्ड्यात शेणकुटं, त्यावर भांडी, वरून परत शेणकुटं आणि भाताचं तूस. सगळं शिबिर भोवती जमलं होतं. धुराने डोळे चुरचुरत होते तरी एक पोर हलेना. आतून एखादी वस्तू तडकल्याचा आवाज आला की सगळी "कोणाचं, कोणाचं" म्हणून ओरडायची. अथर्व तर रडायलाच लागला होता. राख निवाल्यावर मालिनीताईंनी काठीने एकेक वस्तू बाहेर काढली. हत्तींच्या सोंडा गेल्या, गणपतीचे हात गेले. सरड्याचं शेपूट गेलं. तेजूची घागर अख्खी निघाली, लालभडक. सगळ्या कादवा गटाने तिला उचलून घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, त्या क्षणी मी बाकी सगळं विसरले होते.

मग मुलींची अंथरुणं घालायला खोलीत गेले. तिची वळकटी उचलली तर खाली गाठोडं. तिचा जपून ठेवलेला परकर-पोलका, घडी करून. कागदात गुळाचा खडा, मूठभर गहू, दोन आंबे. माझ्याच कोठीतून नेलेले. म्हणजे कपडे आणि वाटेची शिदोरी. आता सांगा, मी खुळी आहे का?

गाठोडं होतं तसं ठेवलं. तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने तुम्हाला कळवलं असतं आणि तुम्ही दुसरा दिवस धरला असता. अथर्वला मात्र बाजूला घेतलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, "तेजूने कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली आहे, पण उद्या दुपारी सगळे झोपले की आम्ही विहिरीमागच्या गोठ्याकडे जाणार आहोत." गोठ्यामागून पायवाट आहे, ती थेट रस्त्याला लागते.

म्हणजे दुसऱ्या पोरांनाही तिने यात ओढलंय. गोरक्ष उद्या दुपारी दुसरी खेप आणणार आहे, कशाला ते मला सांगितलेलं नाही. माझी तयारी आहे. तुम्ही याच.

तुम्हाला एकच विचारते. मला ती एकटीच आहे. तुम्हाला आई आहे, भाऊ आहे, गाव आहे. माझी तेजू नेऊन तुम्ही मला काय शिल्लक ठेवणार? तुमच्या आईला तरी हे विचारा. त्याही बाईमाणूस आहेत.

मनीषा


७ मे २०००

अहो,

काल दुपारी काय झालं ते लिहायला आज सकाळपासून बसते आहे. कशाने सुरुवात करावी कळत नाही, म्हणून झालं तसंच सांगते.

जेवणं झाल्यावर पोरं आडवी झाली. मी कोठीच्या दाराआड उभी राहिले, हातात पुऱ्या तळायचा मोठा झारा. हसू नका. गोरक्षचा टेम्पो फाटकातून आला, त्याने काहीतरी फडक्यात गुंडाळून तेजूच्या हाती दिलं आणि तो तसाच निघून गेला. तेजूने परकर-पोलका घातला होता. मागून अथर्व आणि कादवा गटातल्या तीन-चार पोरी, सगळ्या चवड्यांवर चालत. सर्वांत शेवटी आमच्या स्वयंपाकाच्या फुलाबाई, हातात पाण्याची कळशी घेऊन. माझ्याच हाताखालची बाई. मला वाटलं, आता यांच्यातलं कोणीच माझं नाही. मी झारा घेऊन त्यांच्या मागे गेले आणि गोठ्याच्या भिंतीशी थांबले. पायवाटेवर मी तुम्हाला शोधत होते.

पायवाटेवर कोणी नव्हतं.

तेजूने जमीन सारवलेली होती. गव्हाची रास केली, त्यावर ती लाल घागर ठेवली, फुलाबाईंनी तीत पाणी ओतलं. फडकं सोडलं तर आत डांगर. लहानसं खरबूज, तुमच्याकडे ठेवतात तसं. ते तिने घागरीच्या तोंडावर ठेवलं. बाजूला आंबे आणि गूळ. पोरं हात जोडून ओळीने बसली. आणि आपली तेजू, दहा वर्षांची पोर, मोठ्या माणसासारखं पाणी सोडून म्हणाली, "रंगूआज्जी, ही तुझी पहिली घागर. पाणी पी."

माझ्या हातातून झारा कधी पडला ते मला कळलं नाही. आवाजाने पोरं दचकली. अथर्व लगेच म्हणाला, बाई, तिने मला सांगितलंय की आमच्या टॉमीच्या नावानेही पाणी सोडता येतं. तेजू मात्र जागची हलली नाही. माझं तोंड बघत होती. मी विचारलं, "आजी कधी गेली?"

ती म्हणाली, "होळीच्या आधी. काकांचा फोन आला होता, मी उचलला होता. तू ठेवून दिलास."

मग म्हणाली, "तू म्हणाली होतीस ना, त्या घराचं नाव काढायचं नाही. म्हणून मी काढलं नाही."

अहो, दोन महिने. माझ्या उशाशी झोपून दोन महिने ती एकटी आजीसाठी रडली असेल, आणि मी तिच्या डोळ्यांत लबाडी शोधत होते. मी तिथंच मातीत बसले. ती जवळ आली नाही. आधी विधी पुरा केला, कावळ्याला घास ठेवला, पोरांना गूळ वाटला, आणि मग माझ्याजवळ येऊन बसली. तेव्हा बाकीचं सांगितलं. ज्या आखाजीला तुम्ही मला न सांगता तिला नेलं होतंत, त्या दिवशी तुमच्या आईने तिच्यासमोर सासऱ्यांची घागर भरली होती. तिने विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागते गं. मी गेले की माझी पहिली तू भरशील का? हिने हो म्हटलं. हिने ते खरं धरलं. "बाबा घरी भरतीलच," मला म्हणाली, "पण शब्द मी दिला होता."

फुलाबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, सून हायेस तू. पाणी सोड." मी सोडलं. रंगूबाईंनी मला कधी नावाने हाक मारली नाही, "नाशिकची" म्हणायच्या. भाकरी जाड झाली तर म्हणायच्या, नाशिकचीने द्राक्षं थापली. मी त्यांचा राग राग केला, आता मेलेल्या माणसाविषयी खोटं कशाला लिहू. पण पाणी सोडताना मला रडू आवरलं नाही. माझ्या मुलीला त्यांनी झोक्यावर बसवलं होतं, आणि ती त्यांना विसरली नाही. तिला विसरावंसं वाटलं नाही असं माणूस वाईट कसं असेल?

संध्याकाळी ऑफिसातून दादाला फोन लावला. पांढरे कपडे घालून तो दहाव्याला आला होता ना तुमच्याकडे? मी त्याच्यावर ओरडले, मला का नाही सांगितलंस? त्याने माझं ओरडणं संपू दिलं. मग म्हणाला, "तूच म्हनाली होतीस, त्या घरचं बरं-वाईट काही माझ्या कानावर घालू नको. वाईट घडलं, म्हनून नाय घातलं."

मग कळलं, तुमचे ते मुके फोन कशासाठी होते. आई गेल्याचं बायकोला कोणत्या तोंडाने सांगावं हे तुम्हाला सुचत नसणार, आणि पहिल्या घागरीला पोरीला पाठव म्हणायची तर तुमची हिंमतच झाली नसेल. मला राग त्याचाही आहे. बोलायचं होतं हो. शिटी ऐकवून काय उपयोग? पण काल दुपारी मी झारा घेऊन तुमची वाट बघत उभी होते, तेव्हा तुम्ही नांदगावला आईच्या नावाने पाणी सोडत होता. हे मनातून जात नाही.

मनीषा


९ मे २०००

अहो,

आज गोरक्षने माझी पत्रं परत आणून दिली. चारही. एकही पेटीत टाकलं नव्हतं. शर्टाच्या खिशात ठेवून ठेवून चुरगळून गेलीत. मी रागाने विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "ताई, दहाव्याला मीच दादाला घेऊन गेलतो. वरीस सरलं नाय अजून त्या घरी. तुझं पाकीट हातात घेतलं की गरम लागायचं. म्हनलं, निवू दे आधी." त्याने वाचलेली नाहीत, पाकिटं बंदच होती. मला ओळखतो, एवढंच.

म्हणजे तुम्ही उत्तर दिलं नाहीत म्हणून मी जे जे तुमच्यावर रचलं, ते सगळं तुम्हाला पत्रच न मिळता. माझं मलाच हसू आलं आणि लाजही वाटली.

चुलीत घालणार होते. फुलाबाईंनी लाकूड मागे ओढून जागाही करून दिली. मग विचार बदलला. चारही पत्रं परवाच्या पत्रासोबत या पाकिटात आहेत. तारखेप्रमाणे वाचा. त्यात मी तुम्हाला चोर म्हटलंय, दादाला फितूर म्हटलंय, पोरीला खोटारडी म्हटलंय. त्यातलं एकही खरं निघालं नाही. तरीही वाचा. तुम्ही एकदा न सांगता पोर नेलीत, त्याचं माझ्या आत काय झालं ते मला तोंडाने कधी सांगता आलं नसतं. ते त्या पत्रांत आहे.

इथलं सांगायचं तर शिबिराचा शेवट जवळ आला. काल खजिना शोधायचा खेळ झाला, कादवा गट जिंकला. खजिना म्हणजे आवळासुपारीची पिशवी. आज तेजूने डबा सोडून विहिरीत उडी मारली. मी काठावर होते. तोंडावर हात ठेवून उभी राहिले, पण नको म्हटलं नाही.  ती वर आली आणि केस झटकून मला म्हणाली, "आई, तू बघितलंस?" बघितलं म्हटलं. परवापासून ती बोलायच्या आधी माझं तोंड बघत नाही. कालपासून तर इतकी बडबडते की सरांनी शिटी तिच्याकडेच द्यावी असं मला वाटतं.

रात्री तिने मला विचारलं, आजीचा झोका अजून लिंबाला असेल का. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बाबांना विचारू.

म्हणून विचारते आहे. नसेल तर बांधून ठेवा.

गुरुवारी मी तिला घेऊन भुसावळ पॅसेंजरने नांदगावला येते. हे पाकीट गोरक्ष उद्याच्या खेपेला मनमाडला तुमच्या हातात देईल. या वेळी पेटीवर माझाही भरवसा नाही. मी मुक्कामाला राहणार आहे. सासूच्या घरी राहायला मला कोणाची परवानगी लागत नाही. रविवारी मी तिला परत आणणार, शाळेचे कपडे शिवायचेत. पुढचं पुढे बोलू. तुम्ही बोलायला शिका, मी फोन न ठेवायला शिकते.

माझा संशय पूर्ण गेला असं समजू नका. एका आखाजीने जाईल इतका तो लहान नाही. म्हणून आधीच सांगते. गाडी थांबली की ती तुम्हाला बघून धावायला लागेल, मला माहीत आहे. तुम्ही पुढे येऊ नका. मी उतरेन, तुमच्याकडे बघेन, आणि मग तिचा हात मीच सोडीन. तोवर जागचे हलू नका.

मनीषा